रंगाऱ्यांचा बोळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची कमेंट नीट वाचली. खाली दोन ओळी टाकून भागणार नव्हतं म्हणून वेगळीच पोस्ट टाकतोय, राग मानू नका. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीच्या अलीकडं जो रंगाऱ्यांचा, म्हणजे कापड रंगवणाऱ्यांचा बोळ होता आणि रुंदीकरणात गेला त्याच्यावर मी लिहिलं होतं. त्यावर भाऊंचं म्हणणं असं की एक तर हे सगळं ऐकीव आहे, कागद असेल तर दाखवा. दुसरं, अख्ख्या शहराचं नाव बदललं तिथं एका बोळाच्या नावाचं काय घेऊन बसलात, नावात काय असतं. आणि तिसरं, ज्याच्यावर भाऊंचा खरा जोर आहे, ते असं की जातीच्या नावाच्या गल्ल्या पुसल्या गेल्या हे चांगलंच झालं आणि तुम्ही जुन्याचं कौतुक करता करता जातीचं कौतुक करून राहिलात.

तिसऱ्यापासूनच सुरू करतो, कारण ते मला लागलं, आणि लागायलाच पाहिजे होतं.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची म्हणून. तो निर्णय मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. गावकुसाबाहेरच्या वस्तीला गावानं जे नाव चिकटवलं ते तिथल्या माणसानं निवडलेलं नव्हतं, शाळेच्या फॉर्मवर पत्ता लिहिताना पोराची मान खाली जावी असं नाव एक दिवसही राहू नये. याच्यात माझा काही पण-बिण नाही. पण रंगाऱ्यांचा बोळ हे नाव त्या माणसांनी स्वतः सांगितलेलं होतं, पाटीवर लिहिलेलं होतं, गिऱ्हाईक तेच नाव विचारत विचारत यायचं, आणि एखाद्याचं लुगडं दुसरीकडं बिघडलं तर "बोळात घेऊन जा" असं लोक सांगायचे. कामाचं नाव आणि जातीचं नाव आपल्याकडं एकात एक गुंतलेलं असतं हे मान्य, म्हणून प्रत्येक नावाला एकच कात्री लावता येत नाही एवढंच माझं म्हणणं आहे, ज्याचं नाव आहे त्याला विचारा. त्या बोळातल्या माणसांना कुणी विचारलेलं मला तरी आठवत नाही. आणि तिथं नाव बदललंही नाही, समतानगर झालं असतं तर मी लिहिलंच नसतं, तिथं नुस्ता रस्ता झाला आणि आता पत्ता सांगताना लोक मोबाईलच्या दुकानाचं नाव सांगतात.

आता नावात काय असतं. भाऊ, हे मुंबई-पुण्याकडच्या कुणी विचारलं असतं तर समजू शकलो असतो, पण आपण मराठवाड्याची माणसं. 27 जुलै 1978 ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्याच्यानंतर आपल्याकडं घरं जाळली गेली, माणसं मारली गेली, पोरं तुरुंगात गेली, आणि 14 जानेवारी 1994 ला जाऊन नामविस्तार झाला. एका नावासाठी सोळा वर्षं लोकांनी काय काय सोसलं ते ज्यांच्या घरात घडलं त्यांना विचारा. नावात मान असतो, हक्क असतो, आम्ही इथं होतो आणि आहोत हे सांगणं असतं. ते विद्यापीठाच्या कमानीवर खरं असेल तर बोळाच्या तोंडाशी लावलेल्या पत्र्याच्या पाटीवरही खरंच आहे, लहान असलं तरी.

शहराच्या नावाचं म्हणाल तर त्याची काळजी घेणारे लई जण आहेत. 1610 ला मलिक अंबरनं खडकी गावाच्या जागेवर शहर वसवलं, 1626 ला तो गेल्यावर त्याच्या मुलानं फतेहखाननं त्याला फतेहनगर केलं, 1653 ला औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि औरंगाबाद झालं, 2023 ला छत्रपती संभाजीनगर. कधी फर्मान, कधी राजपत्र, साल सांगता येतं. शहरातल्या पुऱ्यांची, म्हणजे वस्त्यांची नावंही तशीच, जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगाच्या नावानं, करणपुरा बिकानेरच्या राजा करणसिंहाच्या, पदमपुरा त्याच्या पोराच्या पदमसिंहाच्या. मोगलांच्या फौजेबरोबर आलेले सरदार, काही वर्षं इथं छावणी टाकून राहिले आणि तीनशे वर्षं झाली तरी रिक्षावाला त्यांचं नाव घेतो, नवरात्रात अख्खं शहर करणपुऱ्याच्या देवीला जातं. मला त्या नावांशी काही वैर नाही, मीही जातो. पण त्या सरदारांचे आणि त्यांच्या फौजेचे पटके, शेले, तंबूचे पडदे ज्यांनी रंगवले असतील त्यांचं नाव कुठं आहे शोधा, ते फर्मानात नाही, शिलालेखात नाही. ते बोळांच्या, गल्ल्यांच्या नावातच आहे. तेव्हढंच आहे. म्हणून ते गेलं की मला राहवत नाही.

आणि त्या माणसांचं काम काय होतं ते तरी बघा. निळीचंच घ्या. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती माठात आंबवावी लागते, माठ बरोबर लागला की नाही हे रंगारी वासावरून आणि वरच्या फेसावरून ओळखायचा, आणि कापड माठातून वर काढलं की ते निळं नसतंच, पिवळट हिरवं असतं, हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं, मग पुन्हा बुडवायचं, पुन्हा हवा, जेवढ्या बुड्या तेवढा गडद. लाल रंगाला आल नावाच्या झाडाची मुळं (आपलं खायचं आलं नव्हे), तीही तीन-चार वर्षं जमिनीत राहिलेल्या झाडाची, त्याच्या आधी कापडाला तुरटी द्यायची नाहीतर रंग धरत नाही. हरड्यात लोखंडाचं पाणी घातलं की काळा. हे सगळं मापाशिवाय, हाताच्या अंदाजानं. आणि प्रत्येक पायरीला धुणं, म्हणजे पाणी, म्हणून रंगारी पाण्याच्या जवळच बसणार. मलिक अंबरच्या नहरीचं पाणी उत्तरेच्या डोंगरांकडून जमिनीखालून उतारानं शहरात यायचं, खापराच्या नळांनी मोहल्ल्यांत फिरायचं, हौदात पडायचं. पाणी, बाजार आणि हिमरू-मश्रू या रेशीम-सुती कापडांच्या विणकरांचं शहर, रंगारी इथं आले नसते तरच नवल होतं.

तुम्ही लिहिलंय की तुमची आत्या तिथं शेजारी राहायची आणि नालीतून रंगीत पाणी वाहायचं, वास यायचा, डास असायचे. खरंय, मी मूळ लेखात ते कमी लिहिलं असं वाटत असेल तर आता सरळ लिहितो, त्या बोळात राहणं सोपं नव्हतं. शेवटी शेवटी पुडीतले रासायनिक रंग होते आणि ते पाणी हातालाही चांगलं नव्हतं, रंगाऱ्यांची बोटं पाहिलेली माणसं अजून आहेत. हा बदल तिकडं युरोपात सुरू झाला, 1856 ला विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं पहिला कृत्रिम रंग काढला, 1869 च्या सुमारास मंजिष्ठाच्या कुळातल्या मुळांचा लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला, 1897 पासून जर्मन कारखान्याची नीळ बाजारात आली, आणि पुढं आल पेरणारा शेतकरी, माठ लावणारा रंगारी सगळेच हळूहळू उठले. आपल्या बोळात राहिलं ते उतरलेल्या साडीला पुन्हा रंग देणं आणि ओढणी मॅचिंग करून देणं. पण ते मॅचिंगसुद्धा बघण्यासारखं होतं बरं का. बाई ब्लाउजपीस घेऊन आली की रंगारी ते दुकानात बघायचाच नाही, बोळाच्या तोंडाशी उन्हात न्यायचा, एक कोपरा ओला करायचा, कारण ओला रंग गडद दिसतो, मग चिंधीचा तुकडा हंड्यात बुडवून पिळून त्याच्या शेजारी धरायचा, मान हलवायचा, परत आत, चिमूटभर पिवळा, परत उन्हात. गिऱ्हाईक कंटाळायचं, तो कंटाळायचा नाही.

रस्ता रुंद नको होता असं मी कुठंच म्हटलेलं नाही. तिथं फायर ब्रिगेडची गाडी शिरत नव्हती, रस्ता लागतच होता. पण रस्ता रुंद करताना नावही खरडून काढायची गरज नसते. त्याच रस्त्याला रंगारी मार्ग म्हटलं असतं तर डांबर काही कमी लागलं नसतं.

राहिला कागद. तुमचा हा मुद्दा मला सगळ्यात आवडला, कारण कागद आहे. आपल्याकडं निजामाच्या राज्यातली खरेदीखतं उर्दूत असायची आणि त्यात घराची चतुःसीमा द्यावीच लागायची, हुदूद-ए-अरबा म्हणतात तिला, मशरिक म्हणजे पूर्व, मगरिब पश्चिम, शिमाल उत्तर, जुनूब दक्षिण. आमच्या घराच्या खतात शिमालच्या पुढं "गली रंगरेज़ान", म्हणजे रंगाऱ्यांची गल्ली, असं स्वच्छ लिहिलेलं आहे, शिकस्ता म्हणजे घाईच्या मोडक्या वळणाचं अक्षर आहे पण उर्दू वाचणाऱ्या एका चाचांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. म्हणजे नाव माझ्या आजीच्या गोष्टीतलं नाही, सरकारी स्टॅम्पावरचं आहे. तुम्हाला तो फोटो मेल केलाय, लोकांची नावं झाकून.

आता माझी एक विनंती, तुम्हालाही आणि वाचणाऱ्या सगळ्यांनाही. जुन्या शहरात ज्यांचं घर होतं त्यांनी ट्रंकेतलं खरेदीखत काढा, चतुःसीमेचं पान बघा. तारीख कळत नसेल तर फसली सन, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली साल असेल, त्यात 590 मिळवा, साधारण इसवी सन निघतो, एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. चारही बाजूंना कोणती गल्ली, कुणाचा हौद, कोणतं झाड लिहिलंय ते मला पाठवा, फक्त माणसांची नावं आणि घर नंबर झाकून पाठवा. उर्दू वाचता येत नसेल तर चाचा तयार आहेत, मी विचारलंय. भाऊ, तुमच्या आत्याचं घर बोळाच्या दुसऱ्या तोंडाला होतं असं तुम्ही लिहिलंय, तर त्या खतात जुनूबच्या पुढं काय लिहिलंय तेव्हढं आधी बघा.