साहेब कधी येते जी?

तुमची पोरगी पुढेमागे एखाद्या बँकेची अध्यक्ष व्हावी असं मनात असेल, तर आधी तिला स्वयंपाक शिकवा. हसू नका. ती त्या खुर्चीवर बसली की मुलाखत घ्यायला येणारा एनपीएचं, म्हणजे थकलेल्या कर्जांचं, मागाहून विचारेल, ‘घर कसं सांभाळता?’ हे आधी. पातोडीच्या रश्श्याची कृती तोंडपाठ असलेली बरी.

घाई मात्र नको. स्टेट बँकेचं मूळ १८०६ सालच्या बँक ऑफ कलकत्त्यात. तिथे अध्यक्षपदावर पहिली बाई बसली २०१३ साली, अरुंधती भट्टाचार्य. अवघी २०७ वर्षं! त्या स्वतः १९७७ मध्ये प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागल्या होत्या, म्हणजे ३६ वर्षांची उमेदवारी. तेवढ्या काळात आपल्याकडे फेरफारसुद्धा होऊन जातो, कधी कधी.

चांगली चालणारी बँक मागूच नका. बुडती मागा, लवकर मिळते. इंडियन बँक गळ्यापर्यंत तोट्यात रुतली होती, तेव्हा २००० साली ती रंजना कुमार यांच्या हाती आली आणि त्यांनी ती नफ्यात आणून दाखवली. भाताचा करपलेला गंज घासायला घरातही बाईकडेच येतो. लख्ख झाल्यावर तो पंगतीत कोण मिरवतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

बायकांसाठी वेगळी बँक बरी, असंही कोणी सुचवेल. होती की. भारतीय महिला बँक नोव्हेंबर २०१३ मध्ये निघाली आणि एप्रिल २०१७ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. माहेरपण याहून किती करायचं?

बढती हवी तर खेड्यातली शाखा करावी लागते. पोरीला यवतमाळकडे येऊ द्या, आणि तेही जूनमध्ये. मृग लागलेला, पीककर्जाची रांग पायऱ्यांखाली उतरलेली, लिंक गेलेली, कूलरला वारा कमी अन् घरघर जास्त. केबिनच्या दारावर तिच्या नावाची पाटी. तरी धोतराच्या सोग्यानं मान पुसत एक बुढा आत डोकावेल.

“बाई, साहेब कधी येते जी?”

“बसा बाबाजी. मीच साहेब.”

बाबाजी बसतील. पाणी पितील. आणि साहेबाची वाट पाहतील.

अशा वेळी पोरीनं चिडू नये, पुढचं गिऱ्हाईक घ्यावं. पुढे बाई असेल. पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळी पऱ्हाटी तिच्या हातची, बोटांच्या पेरांवर बोंडांचे ओरखडे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज ४ टक्केच पडतं, ही माहिती तिला अगदी हसून द्यावी. मग सातबारा मागावा. त्यावर नाव सासऱ्याचं. (आमच्या सातबाऱ्यावरही आईचं नाव नाही, मी आपला लेख लिहून मोकळा.) बँकेच्या सर्वोच्च खुर्चीत बाई असो की बुवा, ज्याचा सातबारा त्याची सही, हा नियम पोरीनं तिला समजावून सांगावा.

“सासरे कुठे आहेत मग?”

“हे काय, इथंच तं बसले. साहेब आले का सही करतो म्हनते.”