काजव्यांवर टॉर्च कशाला मारता?

दरवर्षी मेअखेर तेच! भंडारदऱ्याला, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात काजवे बघायला जायचं आणि डोळ्यांवर गाड्यांचे हेडलाइट झेलून परत यायचं. घाटघरच्या वाटेवर रात्री गाड्यांची ही रांग, प्रत्येकीचा अप्पर चालू. अहो, अंधारातली गंमत बघायला आलात ना? मग अंधार राहू द्या की!

काजव्याचा नर लुकलुकतो तो मादीला साद घालायला. पंख फुटल्यावर त्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे. पावसानं जोर धरला की संपलंच. तेवढ्यात तुम्ही फ्लॅश मारता आणि त्याची साद तिला दिसतच नाही. ती बऱ्याचदा खाली गवतात असते. तिथेच तुमचे बूट, तिथेच गाडीची चाकं. यंदा तर एकाने हिरड्याची फांदी गदागदा हलवली. का, तर रीलमध्ये काजवे उडताना हवेत!

सोबतचा गावातला वाटाड्या पोरगा हात जोडून सांगत होता, "दादा, लाइट बंद करा." कोणी ऐकेना. मी ओरडलो तर मलाच ऐकवलं, "जंगल तुमच्या बापाचं आहे का?"

नाही. पण त्या काजव्यांचं आहे ना!