गुरुजींना उत्तर: अनुदान घ्यावं, पण दिवाबत्ती वर्गणीवरच

गुरुजी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली, मग आमच्या मंडळातल्या बायकांनाही वाचून दाखवली. ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगते: बेळगाव-खानापूर भागातल्या लहान मंडळांनी अनुदानाचे अर्ज करायला शिकलं पाहिजे, असं मी लिहिलं होतं. त्यावर गुरुजींचं म्हणणं असं की बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून उभं आहे, कडोली, उचगाव, येळ्ळूरची साहित्य संमेलनं गावकऱ्यांच्या वर्गणीवर होतात, आणि आपल्या माणसांना नसलेली हात पसरायची सवय मी लावते आहे. कर्नाटकाचा पैसा घेतला की पाटी बदलावी लागते, महाराष्ट्राचा घेतला की इथल्या कचेरीच्या डोळ्यावर येतो. शिवाय शिकलेल्यांची मंडळं पुढे जातात, बाकीची एजंटाच्या हाती लागतात. आणि शेवटी, "ऑडिटरची फी कोण भरतं, ते एकदा लिहा की!"

आधी माझी चूक कबूल करते. 'कागद तयार ठेवले की अर्ज सोपा' हे वाक्य मी लिहायला नको होतं. सोपं काहीच नसतं, आणि मला ते ठाऊक होतं.

सात वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासिकेला दोन लाखांचं अनुदान मंजूर झालं. कुणाचं ते सांगत नाही, कारण चूक आमचीच जास्त होती. टेबलं, खुर्च्या, कपाटं आणि एक कॉम्प्युटर यासाठी ते होतं. मंजुरीचं पत्र दिवाळीत आलं, एक लाख वीस हजारांचा पहिला हप्ता फेब्रुवारी संपताना आला, आणि खर्च ३१ मार्चच्या आत दाखवायचा होता. गडबडीत सुताराला कच्च्या बिलावर उचल दिली. अठरा हजार रुपये अभ्यासिका सांभाळणाऱ्या मुलीच्या मानधनाकडे वळवले. मंजुरीपत्रात मानधनाचं शीर्षच नव्हतं. ऑडिटरनं ती रक्कम विनियोग प्रमाणपत्रात, म्हणजे पैसा मंजूर कामालाच लागल्याच्या दाखल्यात, धरायला नकार दिला, आणि त्यांचं बरोबर होतं. प्रमाणपत्र रखडलं, दुसरा हप्ता आलाच नाही. त्याच हप्त्याच्या भरवशावर आम्ही त्या मुलीला सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा बोलावू लागलो होतो. पाच महिने ती पगाराशिवाय आली. रोज रात्री किल्ली द्यायला माझ्या दारात यायची आणि पैशाचा विषय काढायची नाही. खजिनदार मी होते. शेवटी गणपतीत घरोघर फिरून आम्ही तिचे पैसे भागवले.

त्या वर्षीच्या प्रोसिडिंग बुकात एक ठराव आहे. वीजबिल, वर्तमानपत्रं, मानधन, ऑडिट यांना अनुदानाचा एक पैसा लावायचा नाही. ते सगळं वर्गणीतूनच. अनुदान फक्त एकदा करायच्या कामाला: छप्पर, कपाट, पुस्तकं, मुलींसाठी संडास. अनुदान आलं नाही तर छप्पर आणखी एक पावसाळा गळेल, पण दाराला कुलूप लागणार नाही. तेव्हा गुरुजी, वर्गणीबद्दल तुमचं-माझं भांडण नाहीच. मूळ लेखात ही अर्धी बाजू माझी लिहायची राहिली, आणि तुम्ही नेमकं तिथंच बोट ठेवलंत.

पण 'हात पसरणं' हा शब्द मला मान्य नाही. कर्नाटकात घरपट्टीबरोबर आपण ग्रंथालय कर भरतो, तो १९६५ च्या कर्नाटक सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं बसवलेला आहे. म्हणजे गावातल्या वाचनासाठीचा पैसा आपल्याच खिशातून आधीच गेलेला असतो. तो मुख्यतः सरकारनं स्वतः चालवलेल्या ग्रंथालयांकडे जातो. आता इथून चंदगड तालुक्यात जा. तिथं १९६७ चा महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा लागू आहे, आणि त्याची रीतच वेगळी आहे. गावकऱ्यांनी काढलेल्या वाचनालयाला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि वर्गाप्रमाणे दरवर्षी अनुदान येतं. तशाच एका खोलीचं, तेवढ्याच पुस्तकांचं, मराठीच वाचनालय हद्दीच्या अलीकडे असलं तर त्याला ती सोय नाही. माझं माहेर तिकडचं, त्यामुळे हा फरक मी दर सुट्टीत बघते. तिकडचे लोक भिकारी झालेले मला दिसले नाहीत. त्यांच्याकडे तपासणी येते, पुस्तकांची दाखलवही बघतात, वर्ग टिकवायचा तर वाचक टिकवावे लागतात. केंद्राच्या पैशातून पुस्तकं मिळवायचाही मार्ग आहे: १९७२ साली स्थापन झालेलं कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान. त्याच्या काही योजना स्वयंसेवी संस्थांच्या वाचनालयांसाठी आहेत. तो पैसा मागण्यात मला कमीपणा वाटत नाही. उलट वर्षानुवर्षं आपण तो मागितलाच नाही, याचं वाईट वाटतं.

आता पाटीचं. कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड हा नियम २०२४ च्या कायदादुरुस्तीनं आला. तो अनुदानाला बांधलेला नाही. अनुदान नाकारून तुमची पाटी वाचणार नाही, आणि घेतल्यामुळं वेगळी बदलणारही नाही. पाटीचा लढा आहे तो वेगळा, आणि त्याची जागाही वेगळी.

दोन राज्यांच्या ओढाताणीची तुमची भीती मात्र खरी आहे. २०२३ साली महाराष्ट्रानं सीमाभागातल्या, तो हक्क सांगतो त्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटक सरकारनं त्याला आक्षेप घेतला, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. आजाऱ्याच्या औषधपाण्यावरून जर एवढं होतं, तर वाचनालयाच्या कपाटावरून का होणार नाही? दुसरीकडे कर्नाटक सीमा प्रदेश विकास प्राधिकाराचं नाव काढलं की आपलीच माणसं विचारतात, "काय बाई, तिकडं गेलात काय?" मला दोन्ही प्रश्न ऐकावे लागलेत. माझं उत्तर एकच आहे. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्यावरचं माझं मत कोणत्याही धनादेशानं बदलणार नाही. पण दरवर्षी दहावीला बसणारी मुलगी त्या निकालासाठी थांबू शकत नाही. तिला बसायला खुर्ची आणि डोक्यावर दिवा आत्ता हवा.

एका अनुदानाच्या अटींत होतं की सगळे कार्यक्रम एकाच भाषेत झाले पाहिजेत. कोणती भाषा ते लिहीत नाही, कारण कोणतीही असती तरी आमचं उत्तर तेच राहिलं असतं. रात्री अकरापर्यंत सभा चालली, दोघी-तिघी रडल्या, कारण रक्कम मोठी होती. शेवटी नको म्हणून कळवलं. आमच्या अभ्यासिकेत कन्नड पुस्तकांचंही एक कपाट आहे, पोलीस भरतीची आणि राज्याच्या परीक्षांची तयारी करणारी पोरं तिथंच बसतात. ते कपाट आम्ही आमच्या इच्छेनं ठेवलंय. तेव्हा पैसा कुठला आहे हे मी दुसऱ्यांदा बघते. पहिल्यांदा अटी वाचते, सभेत मोठ्यानं, एकेक करून.

कंपन्यांच्या सीएसआरबद्दल तुम्ही विचारलंत, त्यावर थोडक्यात. २०१४ पासून ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्चावे लागतात, आणि कायदाच म्हणतो की जिथं कंपनी काम करते त्या भागाला प्राधान्य द्या. पण मर्यादा बघा: वर्षाचा नफा पाच कोटी, किंवा उलाढाल हजार कोटी, किंवा नक्त मालमत्ता पाचशे कोटी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला लहान फाउंड्रीवाला त्यात बसत नाही. चिक्कोडी-निपाणीकडचे सहकारी साखर कारखाने कंपनी कायद्याखाली येतच नाहीत. म्हणून आपल्या भागात एवढा उद्योग दिसूनही सीएसआरच्या दारात गर्दी जास्त आणि दारं कमी. आणि परदेशी पैशाचं म्हणाल, तर २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेला तो खाली लहान संस्थेकडे वळवताच येत नाही. तो नाद सोडलेला बरा.

एजंटांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. 'मंजूर करून आणतो, टक्का ठेवा' म्हणणारा माणूस आमच्याकडेही येऊन गेला. पण एजंटाला वाट कुठं मिळते? कर्नाटकाच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्यानं सात माणसं मिळून संस्था नोंदवता येते. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची, म्हणजे स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी यादीतली, नोंदणी फुकट आहे. अडतं ते जुन्या कागदांत. आपल्याकडच्या कित्येक मंडळांची घटना १९५६ च्या आधीची, मुंबई राज्यातली, मराठीत हातानं लिहिलेली. कार्यकारिणीची यादी वर्षानुवर्षं निबंधकांकडे गेलेली नसते, बँकेच्या खात्यावर वारलेल्या माणसाची सही असते. हे निस्तरायला महिने लागतात, आणि तिथं एजंट घुसतो. आम्ही शेजारच्या तीन मंडळांनी मिळून कन्नड आणि इंग्रजी दोन्ही येणारा एक निवृत्त कारकून धरला. तो महिन्यातून दोन रविवार येतो आणि टक्का नाही, दिवसाचे पैसे घेतो. तुमच्या गावात असा माणूस असेल तर त्याला आधी शोधा, अर्ज नंतर.

राहिली ऑडिटरची फी. आमची वर्गणी अशी: १८० घरं, महिन्याला घरटी तीस रुपये. सगळ्यांनी दिले तर वर्षाला ६४,८०० होतात, पण सगळे देत नाहीत, हातात छप्पन्न-सत्तावन्न हजार येतात. त्यातले तीस हजार त्या मुलीला, अकरा हजार वर्तमानपत्रांना, आठ-नऊ हजार विजेला जातात. ऑडिटरला गेल्या वर्षी सहा हजार दिले. पावती वहीत लावलेली आहे.