कॉमन नळापासून कॉमन एरियापर्यंत

अभिनंदन! तुमच्या चाळीच्या जिन्याखाली, जिथं सत्यनारायणाच्या पूजेची सूचना लागायची, तिथं पुनर्विकासाच्या सभेची नोटीस लागली आहे. गांगरून जाऊ नका. गिरणगावात तुमच्याआधी पुष्कळ जण या वाटेने गेलेत.

सभेला जरूर जा, पण प्रश्न विचारू नका. बिल्डरने वेफर्स आणि समोसे ठेवलेत, तोंड त्यात गुंतवा. विचारणारा एक जण असतोच. बहुधा बँकेतून रिटायर झालेला, काखेत फाइल. त्याला 'विकासविरोधी' म्हणा, तो बसतो खाली. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीला पूर्वी 70 टक्के रहिवाशांची संमती लागायची, आता 51 टक्क्यांत भागतं. बाकीच्यांची समजूत घालण्यात फार वेळ जायचा.

करारनामा वाचू नका. एखाद्या शब्दाने काय होतं? गिरण्यांच्या जमिनींचंच बघा. 1991च्या नियमात साधारण तीन वाटे ठरले होते: एक महापालिकेला मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती झाली, की वाटे करायचे ते फक्त मोकळ्या जमिनीचे. झालं! गिरणीची शेड जिथं उभी होती, ती जागा वाट्यातूनच गेली. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. मैदानं आणि कामगारांची घरं आक्रसली, मॉल ऐसपैस बसले. एका शब्दाने मालकांना किती मोकळं वाटलं बघा.

खोली सोडताना रडू नका, तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. 'तीन वर्षं' हे मुंबईतलं जुनं माप आहे, पायली-शेरासारखं. मोजणाऱ्याच्या हातावर असतं. भाड्याचा चेक थांबला की बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बसा, तिथं एसी असतो. ट्रान्झिट कॅम्प मिळाला तर नशीबच काढलंत. तिथं जन्मलेल्या पोरांची लग्नंसुद्धा तिथंच लागली, इतकी ती सोय तात्पुरती असते.

आणि टॉवर उभा राहिलाच तर? राहतो, खोटं कशाला बोलू. वरळीत बीडीडी चाळीच्या 160 चौरस फुटांच्या खोलीतले लोक 500 फुटांच्या घरात गेले. पण तिथं काम म्हाडाने हातात घेतलं होतं. तुमच्याकडे शेठ आहेत.

तुमची इमारत मागे, गेट वेगळं. पुढच्या टॉवरचा स्विमिंग पूल तुमच्या खिडकीतून दिसतो, म्हणजे तो तुमचाच समजा. चाळीत महिन्याचं जेवढं भाडं भरायचात, तेवढ्यात इथली लिफ्ट दोन मजले चढेल. पूर्वी कॉमन होता तो नळ, आणि त्यावर भांडण फुकट होतं. आता कॉमन एरिया आहे, त्याचं बिल येतं.

गॅलरी विसरा. तिथं पापड वाळायचे, पोरं घोकंपट्टी करायची, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजून कुणाकडे पाहुणे आलेत ते कळायचं. आता दार लावून घ्यायला शिका. बाविसाव्या मजल्यावर घरात कुणी गेलं, तर ग्रुपवर मेसेज टाका. सगळे हात जोडलेला इमोजी पाठवतील. मोठी लिफ्ट मात्र आधी सांगून ठेवा, त्या वेळी कुणाचा तरी सोफा वर जात असतो.

दोन-चार वर्षांत मेंटेनन्स झेपेनासा होईल. मग विका आणि बदलापूरला जा. हवा चांगली आहे.

गणपतीत एकदा येऊन बघा. गेटवर वॉचमन थांबवेल, "कुणाकडे जायचंय?" विचारेल. तुमच्या तोंडून सवयीने "बारा नंबर खोली" निघून जाईल. तो बिचारा मोबाइलवरच्या यादीत वरपासून खालपर्यंत शोधत बसेल.