हँडब्रेक नापास झाला? ब्रेक सोडून सगळे तपासा

गाडी तपासणीत नापास झाली, आणि तीही हँडब्रेकपायी, हे घरी सांगायला जरा ओशाळल्यासारखे होते. इंजिन बसले असते तर चार जण विचारपूस करायला आले असते. धूर जास्त निघाला असता तर हवामानबदलावर तरी बोलता आले असते. हँडब्रेकसाठी मात्र कुणी हळहळत नाही. म्हणून पहिले काम हे, की तपासणीचा कागद वाचू नका. वाचलात तर त्यात डाव्या चाकाची पकड कमी, उजव्याची बरी, असे काहीतरी नेमके लिहिलेले सापडेल. दोष नेमका कळला की दुरुस्ती टाळणे अवघड जाते. कागदाची घडी घाला आणि ग्लव्ह बॉक्समध्ये जुन्या पावत्यांच्या खाली सरकवा.

मग तपासनिसाशी वाद घाला. ठेवणीतला मुद्दा एकच: ‘अहो, गाडी थांबते की!’ पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चारही चाकांना धरतो आणि हँडब्रेक बहुतेक गाड्यांत तारेने फक्त मागची दोन चाके धरतो, हे त्याला ठाऊक असते. तेल गळून गेले तरी तार हाताशी राहावी, म्हणूनच या दोघांचे संसार वेगळे मांडलेले आहेत, हेही त्याला ठाऊक असते. तो हे सांगायला लागला की घड्याळाकडे पाहा.

तरीही तो मागची चाके रोलरवर चढवतोच. रोलर फिरतात, तो लिव्हर हळूहळू ओढतो आणि यंत्र प्रत्येक चाकावरची ब्रेकची पकड वेगळी मोजते. अपेक्षा तरी किती असावी? युरोपीय संघाच्या 2014 च्या निर्देशात पार्किंग ब्रेकची, म्हणजे हँडब्रेकचीच, किमान कार्यक्षमता (गाडीच्या वजनाच्या तुलनेत ब्रेकचा जोर) 16 टक्के धरली आहे. शंभरात सोळा! जगातल्या कुठल्याही परीक्षेत एवढ्या गुणांवर पेढे वाटता येणार नाहीत. तुमची गाडी त्यातही नापास झाली, यात एक विक्रमी बाणेदारपणा आहे, तो ओळखा. नव्या गाडीला तर संयुक्त राष्ट्रांचा 13-एच हा नियम पूर्ण भरलेल्या अवस्थेत 20 टक्के चढावर उभे राहायला सांगतो. म्हणजे पाच मीटर पुढे गेले की एक मीटर वर, कोन अकरा अंशांहून थोडा जास्त. दीड टनाची गाडी अशा उतारावर जवळपास तीनशे किलोच्या ओढीने खाली निघू पाहते. पण तुम्ही कशाला घाबरता, तुमच्याकडे दगड आहे.

दगडाबद्दल मी अनुभवाने बोलतो. माझ्या डिकीत पाच वर्षे एक दगड होता. उतरायचे, मागे जायचे, चाकाखाली उटी लावायची, निघताना काढायची. लोक पाहायचे. मी चेहऱ्यावर असा भाव ठेवायचो की हे सगळे सावधगिरीपोटी चालले आहे. दगडाला केबल नसते, गंज चढत नाही आणि त्याची वॉरंटी पृथ्वीच्या वयाइतकी. एकच उणीव: तो रोलरवर चालत नाही.

फेरतपासणीला जायचेच असेल तर ओढण्याचे तंत्र कमवा. धडधाकट हँडब्रेक साधारण पाच-सात खटक्यांत घट्ट होतो. तुमचा बाराव्या खटक्याला जागा होतो आणि तोवर लिव्हर झेंड्याच्या काठीसारखा उभा राहिलेला असतो. याचा अर्थ लायनर (ब्रेकचे घासणारे अस्तर) झिजले, केबल ताणली किंवा चाकातला ॲडजस्टर (झीज भरून काढणारा भाग) जाम झाला, असे मेकॅनिक म्हणेल. तुम्ही म्हणा, ‘गाडीची ओढच मोठी आहे.’ एका हाताने जमत नसेल तर दोन्ही हात लावा, पाय पुढे टेकवा, श्वास रोखा. ब्रेक लागला नाही तरी पाठीचा व्यायाम झाला.

याहून हुशार मंडळी तपासणीच्या सकाळी लिव्हरखालचा नट आवळून घेतात. हा उपाय तर मला फारच आवडतो. ड्रम ब्रेकमध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून दाबून धरणाऱ्या ब्रेकमध्ये, आधी चाकातले शू (दाबणाऱ्या कमानी) डब्याच्या नीट जवळ आणायचे आणि मग केबलची उरलेली ढील काढायची, असा सरळ क्रम असतो. तो उलटा करा. शू टेकलेलेच राहतात, आपोआप जुळणारा ॲडजस्टर बिचारा गोंधळून काम सोडतो, ड्रम तापतो आणि गाडी आपल्याच घरी जाताना उपकार केल्यासारखी चालते. रोलरवर मात्र काटा वर जातो. खटके मोजले तर तीन! बघा, वय कसे कमी केले. तीन महिन्यांनी पुन्हा नट आवळा. नटाचे आटे संपतील तेव्हा संपतील.

आता तुमच्या मुळातल्या कर्तबगारीकडे येऊ, कारण हा ब्रेक एका दिवसात मेलेला नाही. तो जपून मारावा लागतो. त्याची कृती सोपी आहे: वापरू नका. गाडी गिअरमध्ये उभी करा, वर्षानुवर्षे. केबल आपल्या नळीत निवांत पडून राहते, टोकाचे रबर तडकते, आत पाणी झिरपते, तारेला गंज धरतो. ‘कशाला लावायचा, उगाच झिजतो’ असे म्हणत तुम्ही ज्याला नव्यासारखे जपले, तो आतून बसून जातो. मग एक दिवस तपासनीस ओढतो आणि एकच चाक धरते किंवा कुठलेच धरत नाही. कधी कधी उलटेही होते: चाक धरते, पण सोडत नाही. निष्ठेचे असे उदाहरण हल्ली दुर्मीळ.

ऑटोमॅटिक गाडीवाल्यांना हे शिकवावे लागत नाही. ते गिअर ‘पी’वर, म्हणजे पार्किंगवर टाकतात आणि उतरतात. गिअरबॉक्समधल्या एका दातेरी चाकात बोटाएवढा लोखंडी खटका अडकतो आणि अख्खी गाडी त्यावर लटकते. निघताना ‘खण्ण’ असा आवाज येतो. तो गाडीचा होकार समजा.

बटनवाल्या इलेक्ट्रिक ब्रेकचे मालक मात्र गालात हसत असतील. त्यांच्यातल्या बहुतेकांना केबलचे दुःख नाही, चाकाजवळची मोटरच पॅड (चाकाच्या चकतीला चिमटणाऱ्या पट्ट्या) आवळते. त्यांनी फक्त एवढे करावे: मागचे पॅड बदलताना गाडी सर्व्हिस मोडला टाकायची असते, म्हणजे मोटर आपली पकड आधी स्वतःच मागे घेते, हे कुणाला सांगू नये. ओळखीतला एखादा हौशी माणूस पाना लावून पिस्टन जोर करून मागे ढकलेल. मोटरचे काय होते, ते पुढच्या तपासणीत कळेलच.

आणि मागच्या चाकांना डिस्क ब्रेक (पॅडने चकती धरणारे) असलेल्यांनी, घाट उतरून चटके बसतील अशा तापलेल्या ब्रेकांसह गाडी उभी करताना दोन खटक्यांवर समाधान मानावे. धातू गार होताना आकसतो, पकड सैल होते, आणि तुम्ही दोन जिने चढून गेल्यावर गाडी स्वतःच्या मनाने फेरफटक्याला निघते. त्या वेळी ती गिअरमध्ये नसली तर उत्तमच.

समजा, एवढे करूनही कुणीतरी तुम्हाला गाठलेच आणि दोन्ही केबल, लायनर नवे बसवले. फेरतपासणीत गाडी पास झाली. तरी हार मानू नका. गाडीत बसा, सवयीप्रमाणे खांदा लावून लिव्हर ओढा. पाचव्या खटक्याला तो अडेल. लगेच खाली उतरून मेकॅनिकला सांगा, ‘केबल आखूड बसवलीत.’ तो काही बोलणार नाही. मग घरी येऊन नव्या कौतुकाने ब्रेक लावा, आणि सकाळी तो तसाच ठेवून निघा, कारण सोडायची सवय तुम्हाला कुठे आहे? डॅशबोर्डवर लाल दिवा लागलेला असेल, पण त्या दिव्यांशी तुमचे फारसे बोलणे नाही. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये काहीतरी जळाल्याचा वास येईल. काच खाली करा आणि पुढच्या गाडीवाल्याकडे रागाने पाहा.