पंगतीतला मोशे

आमच्या घरच्या गटावर तो मजकूर पुन्हा आला. या वेळी पाठवणारा न्यू जर्सीतला मावसभाऊ, त्यामुळे 'तिथलाच माणूस सांगतोय' असं वजन त्याला आपोआप आलं. मूळ मजकूर इंग्रजी, कित्येक वर्षं ईमेलमधून फिरलेला. कुणीतरी त्याचं मराठी केलंय आणि शेवटी स्वतःच्या दोन ओळी चिकटवल्यात.

सार असं. वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाच्या पायऱ्या चढताना वर बघा, जगातले सगळे कायदेकर्ते मधल्या एकाकडे तोंड करून आहेत आणि तो मधला म्हणजे दहा आज्ञा हातात धरलेला मोझेस, आपल्या मराठी बायबलातला मोशे. आत दारांवर दहा आज्ञा, न्यायमूर्तींच्या डोक्यावर दहा आज्ञा. घटना घडवणारा मॅडिसन सांगून गेलाय की आमचं भवितव्य दहा आज्ञांवर उभं आहे. संसद १७७७ पासून पगारी धर्मगुरूच्या प्रार्थनेने सुरू होते. 'धर्म आणि राज्य यांच्यामधली भिंत' हे शब्द घटनेत नाहीतच. आणि मग शेपूट: 'एवढ्या पुढारलेल्या देशाला लाज वाटत नाही, तर आपल्या कचेऱ्यांत आणि शाळांत देव मांडायची आपल्यालाच कसली लाज?'

मी गटावर फक्त 'सवडीने लिहितो' एवढंच टाकलं. ती सवड आज मिळाली.

पायऱ्या चढताना मोशे दिसतो

दिसत नाही. पायऱ्या इमारतीच्या पश्चिमेला आहेत, कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदभवनाच्या, समोर. त्या बाजूच्या त्रिकोणी शिल्पात मध्ये स्वातंत्र्यदेवी बसलीय आणि आजूबाजूच्या मंडळींत खुद्द वास्तुविशारद कॅस गिल्बर्ट आणि शिल्पकार रॉबर्ट ऐटकन यांनी रोमन कपडे चढवून जागा पटकावलीय. खाली 'कायद्याखाली सर्वांना सारखा न्याय' अशा अर्थाचे शब्द. मोशे आहे तो इमारतीच्या पाठीमागे, पूर्वेला. हर्मन मॅकनीलच्या शिल्पात तो मध्यभागी आहे, हे खरं. पण त्याच्या एका बाजूला चीनचा कन्फ्यूशियस आहे, दुसऱ्या बाजूला अथेन्सचा सोलोन. मॅकनीलचं म्हणणं होतं की अमेरिकेचा कायदा जुन्या संस्कृतींकडून आलाय, म्हणून पूर्वेच्या बाजूला पूर्वेकडचे कायदेकर्ते. मोशेच्या हातातल्या दोन्ही पाट्या कोऱ्या आहेत. आणि याच शिल्पाच्या दोन टोकांना, जिथे त्रिकोण निमुळता होतो, तिथे ससा आणि कासव आहेत. गोष्टीतलेच. शिल्पात जे कोरलंय त्यावर देशाचा कायदा उभा असतो असं धरलं, तर इसापालाही घटनाकारांत बसवावं लागेल.

आत न्यायकक्षात ॲडॉल्फ वाईनमनने घडवलेली शिल्पांची पट्टी आहे. दक्षिणेच्या भिंतीवर नऊ आणि उत्तरेच्या भिंतीवर नऊ असे अठरा कायदेकर्ते. इजिप्तचा मेनेस, हम्मुराबी, मोशे, शलमोन, लायकर्गस, सोलोन, ड्रेको, कन्फ्यूशियस, ऑगस्टस. समोर जस्टिनियन, पैगंबर मुहंमद, शार्लमेन, इंग्लंडचा राजा जॉन, फ्रान्सचा नववा लुई, ग्रोशियस, ब्लॅकस्टोन, अमेरिकेचे सरन्यायाधीश मार्शल आणि नेपोलियन. इथल्या मोशेच्या पाटीवर हिब्रू अक्षरं आहेत, तेही मान्य. पण मोशे इथे पंगतीत बसलाय, देव्हाऱ्यात नाही. नेपोलियनच्या ओळीत बसवलेल्या माणसाला कुणी उदबत्ती ओवाळत नाही. पैगंबरांचं चित्रण नको म्हणून १९९७ साली मुस्लिम संघटनांनी हरकत घेतली, तेव्हा सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी शिल्प हलवायला नकार दिला. न्यायालयाच्या माहितीपत्रकात मात्र खुलासा घातला. हा भाग फिरत्या मजकुरात कधीच नसतो. मोशेचं शिल्प असल्याने अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र ठरत असेल, तर त्याच हिशेबाने समोरच्या भिंतीवरून ती आणखी काय ठरते, हे गटावर कुणी विचारलं नाही. (अठरांत भारतातलं कुणीच नाही. ना मनू, ना अशोक. खरं तर आपल्या लोकांनी रुसावं अशी जागा ही.)

न्यायमूर्तींच्या डोक्यावर दोन बसलेल्या आकृतींच्या मधे एक पाटी आहे आणि तिच्यावर रोमन आकडे आहेत, एक ते दहा. बघणाऱ्याला आज्ञा आठवणारच. वाईनमनने मात्र १९३२ साली गिल्बर्टला लिहिलेल्या पत्रात ते आकडे म्हणजे घटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्या, म्हणजे हक्कांची सनद, असं सांगितलंय. दारांवरही आकडेच आहेत, आज्ञांचा मजकूर नाही. ते आज्ञांचं चिन्ह आहे असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही.

मॅडिसनचं वाक्य

ते मॅडिसनच्या लेखनात सापडत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठात त्याच्या कागदपत्रांचं संपादन करणाऱ्यांनाही सापडलं नाही. ते वाक्य जोरात फिरवणाऱ्या लेखकानेच पुढे त्याला 'दुजोरा न मिळालेल्या' अवतरणांच्या यादीत टाकलं. मजकूर मात्र फिरतोच आहे.

मॅडिसनने खरोखर जे लिहिलं ते जास्त रंजक आहे. १७७४ साली, बावीस वर्षांचा असताना, त्याने मित्राला पत्र लिहून संताप व्यक्त केला की शेजारच्या तालुक्यात पाच-सहा भल्या माणसांना धर्ममतं उघडपणे मांडल्याबद्दल तुरुंगात डांबलंय. व्हर्जिनियात तेव्हा अँग्लिकन चर्च सरकारी होतं आणि परवान्याशिवाय प्रवचन करणारे बॅप्टिस्ट आत जात होते. ख्रिस्ती सरकार ख्रिस्ती उपदेशकांना कोंडत होतं. १७८४ साली पॅट्रिक हेन्री या तिथल्या पुढाऱ्याने ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी कर बसवायचं विधेयक आणलं, तेव्हा मॅडिसनने १७८५ मध्ये त्याविरुद्ध निवेदन लिहिलं. त्यातला मुद्दा असा की जे सरकार एखाद्या धर्मसंस्थेसाठी नागरिकाकडून तीन पेन्स वसूल करू शकतं, ते उद्या त्याला दुसरंही काही मानायला भाग पाडू शकतं. विधेयक बुडालं. पुढच्या वर्षी, नंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला. त्या कायद्याच्या मसुद्यात येशू ख्रिस्ताचं नाव घालायची सूचना आली होती, ती फेटाळली गेली. जेफरसनने आत्मचरित्रात यावर लिहिलंय की संरक्षण सगळ्यांना मिळावं म्हणूनच हे झालं, आणि त्या यादीत ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान यांच्याबरोबर 'हिंदू' हा शब्दही आहे. त्याच्या आसपास तेव्हा हिंदू किती असतील? जवळपास शून्य. मावसभाऊ, तू तिथे जायच्या कितीतरी आधी कुणीतरी तुझी खुर्ची मांडून ठेवली होती.

पगारी धर्मगुरू

आहेत. प्रार्थना तर १७७७ च्याही आधीची, १७७४ ची; घटनेनंतरच्या संसदेत पगारी धर्मगुरू १७८९ पासून. १९८३ साली सुप्रीम कोर्टानेही या प्रथेला मान्यता दिली. म्हणजे हा मुद्दा मजकुरात सांगितलाय त्याहून भक्कम आहे. फक्त मॅडिसनला साक्षीला बोलवू नका. निवृत्तीनंतरच्या टिपणांत त्याने संसदेतल्या पगारी धर्मगुरूंना घटनेच्या तत्त्वाविरुद्ध म्हटलंय. बहुमताचा धर्मगुरू येणार, मग कॅथलिकाने आणि क्वेकरने काय करायचं, असा त्याचा सवाल.

त्याचं उत्तर १२ जुलै २००७ ला सिनेटने ऐकलं. त्या दिवशी राजन झेद या हिंदू पुरोहितांना प्रार्थना म्हणायला बोलावलं होतं. सिनेटच्या इतिहासात हिंदू प्रार्थना पहिल्यांदाच होत होती. त्यांनी तोंड उघडलं आणि प्रेक्षकांच्या सज्जातून तिघे ओरडायला लागले की ही दुष्टांची प्रार्थना आहे, देवाच्या नजरेत अमंगळ. तिघांना अटक झाली, प्रार्थना पुरी झाली. 'धर्माला सरकारी जागेत मान मिळतो' हा मजकूर आपण मोठ्या कौतुकाने पुढे ढकलतो, पण त्या तिघांच्या मनातला धर्म आपला नव्हता.

भिंत घटनेत नाही

शब्द नाहीत, बरोबर. पण शब्द नाही म्हणजे गोष्टच नाही, असं म्हणायचं तर अमेरिकेच्या घटनेत देवही नाही. शेवटच्या तारखेत रिवाजाप्रमाणे 'प्रभूच्या वर्षी' आहे तेवढंच. घटनेत काय आहे? सरकारी पदासाठी धर्माची अट कधीही घालता येणार नाही, हे सहाव्या कलमात. आणि धर्मसंस्थेची स्थापना करणारा कायदा संसद करणार नाही, हे १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीत. 'भिंत' हा शब्द जेफरसनने राष्ट्राध्यक्ष असताना १ जानेवारी १८०२ च्या पत्रात वापरला. आणि पत्र कुणाला? कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना. तिथे काँग्रिगेशनल चर्च सरकारी होतं, ते १८१८ पर्यंत. बॅप्टिस्टांना दुसऱ्याच्या चर्चसाठीचा कर चुकवायचा तर आपण वेगळ्या पंथाचे असल्याचा दाखला काढावा लागे. भिंत हवी होती ती या भाविक लोकांना. हे सांगितलं की 'भिंत म्हणजे नास्तिकांचं कारस्थान' म्हणणारे विषय बदलतात.

भिंत म्हणजे धर्मबंदीही नव्हे. न्यू जर्सीत मराठी मंडळांचे गणपती सरकारी शाळांच्या सभागृहांत बसतात. मंडळ भाडं भरतं, आरती होते, मोदक होतात, कुणी अडवत नाही. शाळा सुटल्यावर जागा इतरांना देत असाल तर धार्मिक मंडळींना नाही म्हणता येणार नाही, असं कोर्टानेच १९९३ आणि २००१ मध्ये सांगितलंय. तो गणपती मंडळाचा असतो. शाळेने वर्गात बसवला तर तो सरकारचा होईल, आणि सगळा तंटा त्या फरकाचा आहे.

हे सगळं तिथे सरळ चाललंय असं मात्र समजू नका. २७ जून २००५ ला एकाच दिवशी दोन निकाल लागले, दोन्ही पाच विरुद्ध चार. केंटकीच्या तालुका न्यायालयांतल्या आज्ञा काढा, आणि टेक्सासच्या विधानभवनाच्या आवारातली १९६१ ची शिळा राहू द्या. नाताळच्या देखाव्यांचा घोळ तर विचारूच नका. येशूजन्माच्या मूर्तींशेजारी सांताक्लॉज आणि हरणं असली तर चालतं (१९८४), त्याच मूर्ती न्यायालयाच्या जिन्यावर एकट्या असल्या तर चालत नाही (१९८९). वकिलांत 'प्लास्टिकच्या हरणांचा नियम' म्हणून त्याची थट्टा होते. सरकारी कृतीने धर्माला उत्तेजन मिळतं का, हे तपासायची जुनी कसोटीच २०२२ च्या एका निकालाने बाजूला ठेवली, त्यामुळे पारडं आता धर्माला मोकळीक देण्याकडे झुकतंय.

पण सरकारने एकटा मोशे उभा केला की काय होतं, त्याचं उदाहरण अलाबामात आहे. २००१ साली तिथले मुख्य न्यायाधीश रॉय मूर यांनी एका रात्रीत, सहकारी न्यायाधीशांना न विचारता, न्यायालयाच्या दर्शनी दालनात ५,२८० पौंडांची दहा आज्ञांची शिळा बसवली. म्हणजे चोवीसशे किलो. संघीय न्यायालयाने काढायला सांगितली, ते हटले नाहीत, आणि २००३ मध्ये पद गेलं. मतदारांनी २०१२ ला पुन्हा निवडून दिलं, हेही सांगायला हवं. असे खटले हरून लोकप्रिय होता येतं.

लुइझियानाने २०२४ साली प्रत्येक सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात दहा आज्ञा लावायचा कायदा केला आणि तो लगेच कोर्टात गेला. केंटकीने तेच केलं होतं, १९८० साली रद्द झालं. लुइझियानाच्या कायद्यात आज्ञांचा नेमका मजकूरही ठरवून दिलाय. कारण ज्यू, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचा आज्ञांचा क्रमसुद्धा एक नाही. भिंतीवर लावायची तर सरकारलाच एक पाठ निवडावा लागतो, आणि मग सरकारच शास्त्रीबुवा होतं. त्या मजकुरात एक आज्ञा आहे: स्वतःसाठी कोरीव मूर्ती करू नकोस. सकाळी घरच्या गणपतीला नमस्कार करून निघालेलं सात वर्षांचं पोर ती रोज वाचणार. फळ्याशेजारी. सरकारी शिक्क्यानिशी.

आणि ते मराठी शेपूट

ते अमेरिकेबद्दल नाहीच, त्यामुळे थोडक्यात. १७ ऑक्टोबर १९४९ ला आपल्या घटना समितीत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' करावी अशी दुरुस्ती आणली. मतदान झालं, बाजूने ४१, विरुद्ध ६८. त्या ६८ जणांना नास्तिक म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. कलम २७ मध्ये मॅडिसनचे तीन पेन्स जवळजवळ तसेच आहेत: एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी खर्चायचा कर कुणावर लादता येत नाही. मी पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. दरवर्षी सत्यनारायण व्हायचा, वर्गणी 'ऐच्छिक' असायची आणि यादी साहेबांच्या टेबलावर असायची. ज्यांना द्यायची नव्हती ते सगळ्यात आधी देऊन मोकळे व्हायचे. यादी फिरवणाऱ्यांत मीही होतो.

मावसभाऊ उन्हाळ्यात मावशीला घेऊन वॉशिंग्टनला जाणार आहे. त्याला कळवलंय की पुढच्या पायऱ्यांवर फोटो काढून झाले की वळसा घालून मागच्या रस्त्यावर जा, कॅमेरा ताण, आणि ससा कुठल्या टोकाला आहे आणि कासव कुठल्या, तेवढं बघून सांग.