'तेव्हा सगळ्यांनाच तसं वाटत होतं' म्हणे!

2003 मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने इराकवर केलेल्या युद्धाचा विषय निघाला की एक ठरलेलं उत्तर फिरतं: इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनकडे संहारक (अण्वस्त्रं, रासायनिक, जैविक) शस्त्रं आहेत असं तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं, गुप्तचरांची प्रामाणिक चूक झाली, सद्दाम संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्र-तपासनिसांना दाद देत नव्हता, आणि काही का असेना, एक जुलमी हुकूमशहा गेला.

सगळ्यांनाच? संशय पुष्कळांना होता, हे कबूल. पण इराकच्या अ‍ॅल्युमिनियमच्या ज्या नळ्या अणुबॉम्बसाठी आहेत असा गाजावाजा झाला, त्या रॉकेटच्या असाव्यात असं अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातले जाणकार युद्धाआधी सांगत होते. त्यांना मोजलं कोणी?

'प्रामाणिक चूक' तर कागदावर ठेवूनच पाहावी. 28 जानेवारी 2003 च्या भाषणात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांनी ब्रिटनचा हवाला देऊन सांगितलं की सद्दाम आफ्रिकेतून अणुबॉम्बला लागणारं युरेनियम मिळवायला बघतोय. या आरोपाचा पुरावा म्हणून नायजर देशाची काही कागदपत्रं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या हाती आली. त्यातल्या एका पत्रावर तारीख ऑक्टोबर 2000 ची आणि सही 1989 मध्येच पायउतार झालेल्या परराष्ट्रमंत्र्याची! आपल्याकडे तलाठ्यानेही असा कागद परत केला असता. संस्थेचे प्रमुख अल बरादेई यांनी 7 मार्चला सुरक्षा परिषदेत ही कागदपत्रं अस्सल नसल्याचं सांगून टाकलं. युद्ध सुरू झालं 20 मार्चला. मग 'नंतर कळलं' कसं म्हणायचं?

अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत चित्रं दाखवून सांगितलेल्या, जैविक शस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळांची गोष्टही तशीच. तिचा मुख्य आधार होता जर्मनीत आसरा घेतलेला एक इराकी, टोपणनाव 'कर्व्हबॉल'. युद्धापूर्वी सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने त्याची थेट चौकशीसुद्धा केली नव्हती. आपण थापा मारल्याचं त्याने 2011 मध्ये कबूल केलं.

तपासनिसांचं म्हणाल तर ते 27 नोव्हेंबर 2002 पासून इराकमध्ये कामाला लागले होते आणि जवळपास 700 तपासण्या त्यांनी केल्या. सद्दामची मदत मनापासूनची नव्हती, ही तक्रार त्यांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांचीही होती. तरी उरलेल्या कामाला त्यांनी वर्षं नव्हे, महिने मागितले होते. 18 मार्चला तपासनीस बाहेर पडले, पण त्यांना सद्दामने हाकललं नव्हतं. बाँब पडणार होते म्हणून ते निघाले.

राहिला जुलूम. तो खराच. 1988 मध्ये इराकमधल्या हलब्जा गावात सद्दामच्या फौजेने सोडलेल्या विषारी वायूने हजारो कुर्द मेले. (तेव्हा अमेरिका सद्दामच्या बाजूला होती, हे जाता जाता.) पण युद्धाचं कारण तो होता का? 25 फेब्रुवारी 2003 ला ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर संसदेत म्हणाले होते की या राजवटीचा मला तिटकारा आहे, पण संयुक्त राष्ट्रांची मागणी मान्य केली तर सद्दाम आपली राजवट अजूनही वाचवू शकतो. म्हणजे शस्त्रं टाकली असती तर जुलमी सद्दाम त्यांना चालणार होता. जुलमाचा मुद्दा पुढे सरकला तो शस्त्रं सापडेनात तेव्हा.